दफादारकाकांना आधी सांगायचं: घोडेस्वारीचा शिक्षक बदलतानाचं एक प्रकरण

मुलगी १४ वर्षांची, प्रतापनगरची, यंदा नववीत. वयाच्या नवव्या वर्षापासून ती काटोल रोडच्या बाजूला एका निवृत्त दफादारांकडे (दफादार म्हणजे घोडदळातला हवालदाराच्या बरोबरीचा हुद्दा) घोडेस्वारी शिकत होती. दफादार मूळचे नरखेडकडचे. उमेदीची सारी वर्षं सैन्यात घोड्यांसोबत गेलेली. निवृत्तीनंतर मोजकेच घोडे ठेवून ते मुलांना शिकवतात. सगळी मुलं त्यांना काका म्हणतात, मुलांचे आईवडीलही काकाच म्हणतात. मी या मुलीच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. शिक्षक बदलायचा निर्णय घरात जवळजवळ झाला होता, पण काकांना तो कसा सांगायचा हे कोणालाच सुचत नव्हतं, तेव्हा तिची आई माझ्याकडे आली. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भांडण काहीच नव्हतं, हे आधी सांगायला हवं. काकांनी या मुलीला शून्यापासून घडवलं. खरारा कसा करायचा, म्हणजे घोड्याचं अंग कसं घासायचं, नालेत अडकलेला खडा कसा काढायचा, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा किती आवळायचा, घोडी कान मागे टाकते तेव्हा तिला काय म्हणायचं असतं, हे सगळं तिने खोगिरावर बसायच्या आधी शिकलं. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत काकांचा वर्ग पहाटे सुरू व्हायचा आणि ऊन चढायच्या आत घोडे सावलीत परत बांधलेले असायचे. एकाही मुलाने हट्ट केला म्हणून त्यांनी वेळ वाढवला नाही. असा माणूस सोडायचा तर कारण तेवढंच भक्कम हवं, आणि ते होतं.

काकांच्या खोलीत वर्तमानपत्रातून कापलेला एक जुना फोटो आहे, १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतला. त्या स्पर्धेत ६१ व्या घोडदळाच्या रघुबीर सिंग यांनी इव्हेंटिंगचं, म्हणजे ड्रेसाज, मोकळ्या रानातली दौड आणि अडथळ्यांवरच्या उड्या अशा तिहेरी स्पर्धेचं, वैयक्तिक सुवर्ण जिंकलं होतं. काका त्याबद्दल बोलायला लागले की वेगळेच दिसतात. त्यानंतर घोडेस्वारीत भारताला आशियाई खेळांचं सुवर्ण मिळायला ४१ वर्षं लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊला सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने ते जिंकलं, आणि तेही ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घ्यायच्या प्रकारात. अनुषने वैयक्तिक कांस्यही मिळवलं. या मुलीने ते मोबाईलवर पाहिलं आणि तिला तेच करायचं झालं.

काकांचं बळ टेंट पेगिंगमध्ये: घोडा भरधाव सोडायचा आणि जमिनीत रोवलेली खुंटी भाल्याने उचलायची. त्यासाठी मांड घट्ट लागते. जुन्या घोडदळी शिकवणीप्रमाणे ते मुलांना गुडघ्याने खोगीर धरायला शिकवतात. ड्रेसाजचं गणित निराळं आहे. २० मीटर रुंद आणि ४० किंवा ६० मीटर लांब सपाट मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या, ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली चाल, प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. स्वाराने घोड्याला दिलेला इशारा बघणाऱ्याला दिसता कामा नये. तिथे पाय लांब सोडावा लागतो, गुडघा मोकळा ठेवावा लागतो. गुडघा आवळला की स्वार खोगिरातून वर उचलला जातो आणि पोटरीचा हलका इशारा घोड्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे काका जे पक्कं करून घेत होते, नेमकं तेच तिला सोडावं लागणार होतं. वर्धा रोडच्या बाजूला शिकवणाऱ्या एका मॅडमकडे तसं मैदान होतं, ड्रेसाजच्या स्पर्धांचा अनुभवही होता. आईने फोनवर चौकशी केली होती. मुलगी अजून तिथे एकदाही घोड्यावर बसली नव्हती, आणि हे फार बरं झालं.

घरात तीन पर्याय फिरत होते. पहिला बाबांचा: नववी-दहावीचं निमित्त सांगायचं, "आता अभ्यास वाढला काका, थोडे दिवस थांबवतो." आपल्याकडे क्लास सोडताना सर्रास हेच सांगतात, आणि गाण्याच्या किंवा तबल्याच्या क्लासला ते खपूनही जातं. इथे खपलं नसतं. नालबंद दोन्ही ठिकाणी एकच जातो, आणि नाला साधारण दीड महिन्याने बदलाव्या लागतात. घोड्यांचा डॉक्टर तोच, कडबा आणि कोंडा पुरवणारा तोच, कधीकधी साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, तेही या तबेल्यातून त्या तबेल्यात नोकरी बदलतात. पोरगी वर्धा रोडला दिसली ही बातमी काकांना महिन्याच्या आत कळली असती, आणि कळली असती ती साईसाच्या तोंडून. शिष्या गेली याचं दुःख माणूस पचवतो. पण आपल्याला खोटं सांगून गेली आणि ते आपल्या साईसाला आपल्या आधी माहीत होतं, हा अपमान आहे. या प्रकरणात मी सर्वात जास्त आग्रह धरला तो इथेच.

दुसरा पर्याय आईचा. तो जास्त सभ्य दिसणारा, म्हणून जास्त फसवा. मुलगी जिच्यावर शिकायची ती काकांची घोडी लहान चणीची आहे आणि मुलगी दोन वर्षांत भराभर वाढली. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा ठोकताळा आहे. ती मर्यादा जवळ येत चालली होती. "घोडी लहान पडते" हे सांगायला सोपं, ऐकायलाही सोपं. पण मी आईला विचारलं, काका यावर काय म्हणतील? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "दुसरा घोडा देतो म्हणतील." अगदी बरोबर. प्रामाणिक शिक्षक अडचण ऐकली की ती सोडवायला धावतो. तुम्ही त्याला खऱ्या कारणाचा अर्धाच तुकडा दिला, तर तो तेवढाच तुकडा सोडवून तुमच्यासमोर ठेवतो. मग तुम्हाला दुसरं कारण काढावं लागतं, मग तिसरं. प्रत्येक कारणागणिक त्याला कळत जातं की मूळ गोष्ट वेगळीच आहे.

तिसरा पर्याय मुलीचा: दोघांकडेही शिकायचं. शनिवारी काकांकडे, रविवारी मॅडमकडे. यात तिचा जीव दिसतो, पण गुडघ्याचं काय? एक जण म्हणणार धर, दुसरी म्हणणार सोड. शरीराला सवय लागायला महिने लागतात आणि हा गोंधळ घोड्याच्या पाठीवर चालतो. स्वाराच्या पायाचा अर्थ रोज बदलत गेला तर घोडा एक तर बथ्थड होतो नाही तर बिथरतो. हा पर्याय तिने स्वतःच मागे घेतला. मी तिला एवढंच विचारलं होतं की टाच लागल्यावर घोड्याने काय समजायचं?

राहिला तो खरा प्रश्न: सांगणार कोण? आईचं म्हणणं, बाबांनी सांगावं. बाबा काकांना वर्षाकाठी दोनदा भेटणारे. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की इतकी वर्षं मुलीला स्कूटरवर तिथे नेत होते ते आजोबा. ती घोड्यावर असायची तोवर आजोबा आणि काका निंबाखाली बसून चहा घ्यायचे. या बदलाने सगळ्यात जास्त हलले होते तेच. "मी दफादारसाहेबांच्या तोंडाकडे पाहू कसा?" असं ते घरात म्हणाले होते, आणि कोणी त्याकडे फार लक्ष दिलं नव्हतं. मला वाटतं, मुलांचे शिक्षक बदलताना आपण हा हिशेब नेहमी चुकवतो. नातं फक्त शिष्याचं नसतं. मोठ्या माणसांचीही आपापली नाती तिथे जुळलेली असतात, आणि शिष्य गेल्यावर ती कुठे जाणार हे कोणी ठरवलेलं नसतं.

ठरलं ते असं. आई, आजोबा आणि मुलगी तिघांनी जायचं. मुख्य बोलणं आईने करायचं, कारण निर्णय आईबाबांचा आणि पैशाचा व्यवहारही त्यांचा. १४ वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर हे ओझं टाकायचं नाही. पण तिने तिथे हजर राहायचं आणि स्वतःचं एक तरी वाक्य स्वतः बोलायचं. मागे लपलेली मुलगी पाहून शिक्षकाला वाटतं की हिला आईवडिलांनी ओढून नेलं, किंवा हिला आपली भीती वाटते. दोन्ही खोटं असतं आणि दोन्ही लागतं.

वेळ संध्याकाळची निवडली, घोड्यांना चारा टाकून झाल्यावरची. इतर मुलं आणि पालक असताना नाही, आणि मैदानात तर मुळीच नाही. आईच्या मनात गुरुपौर्णिमेला काहीतरी घेऊन जायचं आणि तेव्हाच सांगायचं असं होतं. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. भेटवस्तू आणि ही बातमी एका ताटात वाढली की भेट मोबदल्यासारखी दिसते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनच्या मध्यावर सांगायचं, जुलैची फी काकांना पूर्ण द्यायची आणि जुलैभर मुलीने नेहमीसारखं जायचं असं ठरलं. थोडेच घोडे असलेल्या तबेल्यात एक विद्यार्थी कमी होणं म्हणजे चाऱ्याच्या हिशेबात फरक पडणं. हे बोलून दाखवायचं नसतं, वागण्यातून पाळायचं असतं.

आणखी एक गोष्ट मी पहिल्यापासून धरून ठेवली होती: मॅडमकडे चाचणीचा तास काकांना सांगितल्यानंतरच घ्यायचा. यावर आईची शंका रास्त होती. आधी सांगितलं आणि मॅडमकडे जमलंच नाही तर? इकडचंही गेलं, तिकडचंही. मी म्हटलं, मग जे आहे तेच सांगा. "आम्ही पाहायला जाणार आहोत, अजून ठरलं नाही, पण तुम्हाला कळल्याशिवाय तिने दुसऱ्या घोड्यावर बसू नये असं आम्हाला वाटलं." हे वाक्य बोलायला धीर लागतो. पण पुढे काहीही झालं तरी या वाक्यामुळे परतीची वाट उघडी राहते, आणि चोरून घेतलेल्या चाचणीमुळे ती बंद होते.

बोलणं सोपं गेलं नाही. आईने सरळ सुरुवात केली: मुलीला ड्रेसाज शिकायचं आहे, त्यासाठी तसं मैदान आणि तशी स्पर्धा खेळलेलं माणूस लागेल, म्हणून एका मॅडमकडे पाहणार आहोत. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माह्या शिकवण्यात काही कमी पडलं का जी?"

हा प्रश्न येणार हे आम्ही धरलं होतं. आईने घाईने "नाही नाही, तसं काही नाही" म्हणायचं नाही, हेही ठरलं होतं, कारण त्या उत्तरावर कोणाचा विश्वास बसत नाही. ती म्हणाली, "काका, ती घोड्याला घाबरत नाही आणि घोड्याला त्रास देत नाही. हे दोन्ही तुम्ही शिकवलं. तिला आता जे शिकायचं आहे ते तुम्ही शिकवत नाही, एवढंच." मुलगी म्हणाली, "काका, मला तुमच्याकडूनच कळलं की मला हे आवडतं." ते वाक्य तिचं तिने आणलं होतं, मला आधी माहीत नव्हतं.

काका उठले आणि घोड्यांचं पाणी पाहायला गेले. परत आले ते आजोबांशी पावसाबद्दल बोलले. निघताना एवढंच म्हणाले, "बरं केलं, तुमी सोता येऊन सांगतलं." आईने त्या रात्री मला फोन केला. ती अस्वस्थ होती, पुन्हा जाऊन समजावून सांगू का विचारत होती. मी नको म्हटलं. समजावणं त्या क्षणी आपल्या मनाच्या शांतीसाठी असतं. त्यांना वाईट वाटलं आहे आणि ते वाटायला त्यांना जागा हवी. ते वाईट वाटणं पुसून टाकायला कोणी धावू नये.

गोष्ट इथेच थांबली असती तर जुलै कोरडाच गेला असता. फरक पडला तो पुढच्या पावलाने. मॅडमकडे चाचणी झाली, जमलं. तेव्हा मी आईला सुचवलं की मॅडमना काकांना फोन करायला सांगा. परवानगी मागायला किंवा आभार मानायला नव्हे, मुलीची माहिती घ्यायला. डॉक्टर बदलताना जुने कागद नव्या डॉक्टरकडे जातात. घोडेस्वाराचे कागद नसतात, ते शिक्षकाच्या डोक्यात असतात. ती कधी पडली, कशाने पडली, त्यानंतर काय टाळू लागली, कोणत्या बाजूला वळताना वाकते, हे नव्या शिक्षिकेला स्वतः शोधायला दोन-तीन महिने लागले असते, आणि तो शोध कधीकधी पुन्हा एकदा पडूनच लागतो.

मॅडमनी फोन केला. "काका, तुम्ही हिला इतकी वर्षं पाहिलं आहे, मला काय लक्षात ठेवायला हवं?" असं विचारलं. काका आधी त्रोटक बोलले. मग बोलतच राहिले. मॅडमनी नंतर सांगितलेलं त्यांचं एक बोलणं असं: "पोट्टीचा डावा हात जड हाय. अन् कँटर घ्याची म्हटली का थे श्वास रोकून धरते, एकदा पडली होती तवापासून. तिले मोठ्यानं आकडे मोजाले लावजा, मंग श्वास आपोआप सुटते." कँटर म्हणजे घोड्याची मध्यम वेगाची दौड. मॅडमनी ते लिहून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात वापरलं. मोठ्याने मोजणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही. श्वास सुटला की कंबर सुटते, आणि घोड्याला ते पाठीवर लगेच कळतं. एका जुन्या दफादाराची ही युक्ती ड्रेसाजच्या मैदानात तशीच चालली.

माझं ठाम मत झालं आहे की काकांचं मन हलकं झालं ते या फोनने. आभाराच्या शब्दांनी ते झालं नसतं. आभार मानले की माणसाचं काम संपल्यासारखं होतं. त्याला जे ठाऊक आहे ते विचारलं, तर ते पुढेही उपयोगी पडणार असं त्याला दिसतं. मात्र हे विचारणं खरं हवं. मॅडमना खरंच माहिती हवी होती. नुसतं बरं वाटावं म्हणून फोन केला असता तर इतकी वर्षं मुलांचे चेहरे वाचणाऱ्या माणसाला ते पहिल्या दोन वाक्यांत कळलं असतं.

घोडीचं काय, हा प्रश्न मोठ्या माणसांच्या यादीत नव्हता. मुलगी रडली ती घोडीसाठी. शिक्षकाचा निरोप घेता येतो, घोडीला काय सांगणार? काकांनीच म्हटलं, रविवारी येत जा, खरारा कर. ती जाते. यात आम्ही दोन गोष्टी घालून दिल्या. तिथे घोडीवर बसायचं नाही, आणि मॅडमकडे शिकलेलं काकांच्या नव्या मुलांना सांगायचं नाही. "गुडघा सोड" हे दोन शब्द काकांच्या मैदानावर तिच्या तोंडून निघाले असते तर आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. मॅडमनीही आपल्या बाजूने एक पथ्य पाळलं: मुलीच्या जुन्या सवयी मोडताना "हे कोणी शिकवलं तुला?" असं एकदाही म्हटलं नाही. "ते भाल्यासाठी बरोबर होतं, इथे असं" एवढंच म्हणतात.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्थातच चर्चा सुरू झाली. तिकडे काय कमी आहे, फी वाढवली का, काही झालं का. आईने प्रत्येकाला एकच उत्तर दिलं: तिला ड्रेसाज करायचं आहे, काकांना विचारून गेलो. उत्तर एकच असलं की ते फिरून काकांपर्यंत पोचतं तेव्हाही तेच राहतं.

यातली कुठलीही नाजूक काळजी एका परिस्थितीत लागू होत नाही, हे इथेच सांगते. शिक्षक मुलाला मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, हेल्मेटशिवाय घोड्यावर बसवत असेल किंवा लंगड्या घोड्यावर वर्ग घेत असेल, तर महिनाभराची मुदत नाही, निरोप नाही, फोन नाही. त्याच दिवशी थांबवायचं, आणि इतर पालकांना कारण सांगायचं. या प्रकरणात तसं काही नव्हतं, म्हणून तर एवढा विचार करण्याची सवड आणि गरज दोन्ही होती.

आता परिस्थिती अशी आहे. आजोबा अजून आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी काटोल रोडला जातात, नातीशिवाय. चहा होतो. दसऱ्याला काकांनी नेहमीप्रमाणे घोड्यांची पूजा केली, मुलगी सोनं द्यायला गेली, तिला प्रसाद मिळाला आणि घोडीच्या गळ्यात झेंडूची माळही तिनेच घातली. पण काका अजून तिला तिच्या नव्या शिकण्याबद्दल काही विचारत नाहीत. मॅडमना मात्र त्यांनी दोनदा फोन केला, एकदा डाव्या हाताबद्दल विचारायला. थंडीत मुलीची पहिली ड्रेसाज चाचणी आहे. काकांना बोलवावं का, असं आईने मला परवा विचारलं. बोलवावं, मुलीने स्वतः फोन करून, एकदाच, आणि ते आले नाहीत तर का आले नाहीत हे विचारू नये, असं मी सांगितलं आहे. फोन ती या रविवारी करणार आहे.